चलच्चित्रांचे दफ्तर आणि त्याची फेरिस्त



ज्या ग्रंथोपासकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या नावाने भरलेल्या सभेत चलच्चित्रांविषयी आणि संगणकाविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु मला जे मांडावयाचे आहे ते मूलतः सूचीविषयी आहे, आणि सूची हा ग्रंथपालाच्या विद्येचा प्राण असल्यामुळे त्या विषयास याहून योग्य व्यासपीठ मिळणार नाही, अशी माझी धारणा आहे. व्हिडिओंच्या अफाट राशीतून हवे ते दृश्य, हवे ते वाक्य, हवा तो क्षण यंत्राकरवी हुडकून काढण्याची जी विद्या गेल्या तीस-पस्तीस वर्षांत उदयास आली, तिचे स्वरूप काय, तिची धाव कोठवर, आणि मराठी माणसाने तिच्याशी कोणत्या नात्याने वागावे, एवढाच आजचा विषय आहे.

महाराष्ट्रास दफ्तरांचे अप्रूप नवे नाही. पेशवाईचे कागद पुण्याच्या दफ्तरात रुमालांत बांधून शतकाहून अधिक काळ पडून होते. ते जळाले नव्हते की लुटले गेले नव्हते. तथापि ज्या कागदाची तपशीलवार फेरिस्त झालेली नाही तो कागद अभ्यासकाच्या लेखी नसल्यासारखाच असतो, आणि म्हणून १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्या दफ्तरातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकांना जणू नवीनच प्रांत हाती आला. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या कालखंडातील मराठी ग्रंथांची जी सूची सिद्ध केली तिचे मोलही याच जातीचे आहे. आपल्या पिढीचे दफ्तर मात्र कागदावर राहिलेले नाही. सभा, कीर्तने, नाट्यप्रयोग, न्यायालयीन कामकाज, शेतावरची कामे, लग्नकार्ये, मोर्चे आणि महापूर, सारे काही आता चित्रफितींत साठत आहे. आणि या दफ्तराला रुमाल नाहीत, बारनिशी नाही, पृष्ठांकही नाहीत.

हा पृष्ठांकांचा अभाव वाटतो तितका क्षुल्लक नाही. पुस्तक चाळता येते. डोळा पानावरून भरभर फिरतो आणि नेमक्या शब्दावर अडतो. चलच्चित्र हे कालाच्या सूत्रात ओवलेले असते, त्यामुळे तासभराच्या चित्रीकरणात काय आहे हे खात्रीने सांगावयाचे तर कोणीतरी तासभर बसून ते पाहिलेच पाहिजे. आपल्याकडील दूरचित्रवाणीच्या पद्धतीप्रमाणे सेकंदास २५ चौकटी धरल्या तर एका तासात ९०,००० चित्रे होतात, आणि या ९०,००० चित्रांपैकी अभ्यासकास हवी असलेली कदाचित शंभरच असतात. अमेरिकेतील नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात ऑगस्ट १९६८ पासून दूरचित्रवाणीवरील सायंकाळच्या बातम्यांचा संग्रह सुरू झाला तेव्हा प्रत्येक बातमीपत्राचा गोषवारा माणसांनी बसून लिहिला. आपल्या पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या घडणीत ज्यांचे आयुष्य गेले ते पी. के. नायर काळोख्या प्रेक्षागृहात चित्रपट पाहता पाहता वहीत टिपणे करीत, आणि कोणते दृश्य कितव्या रिळात आहे हे त्यांच्या स्मरणात असे. असा स्मरणाचा पुरुष संस्थेस लाभणे हे भाग्यच. परंतु माणसाबरोबर जाणारी सूची ही संस्थेची मालमत्ता होऊ शकत नाही.

यंत्राकडून सूची करवून घ्यावयाची तर पहिला प्रश्न असा की नोंद कशाची करावयाची. ग्रंथात प्रकरण असते, परिच्छेद असतो. चलच्चित्रात ही जागा शॉटने घेतली. कॅमेरा चालू झाल्यापासून थांबेपर्यंतचा अखंड तुकडा म्हणजे शॉट, आणि एका शॉटमधून दुसऱ्यात जाणारा सांधा ओळखता आला म्हणजे फितीचे परिच्छेद पाडता येतात. त्यासाठी योजलेली युक्ती अत्यंत साधी होती. प्रत्येक चौकटीतील किती बिंदू कोणत्या रंगाचे आणि किती उजळ आहेत याची मोजदाद करावयाची, लगतच्या दोन चौकटींची मोजदाद ताडून पाहावयाची, आणि फरक ठराविक मर्यादेपलीकडे गेला की तेथे सांधा आहे असे समजावयाचे. सरळ कट असेल तेथे हा उपाय उत्तम चालतो. परंतु एक दृश्य विरघळत विरघळत दुसरे उमटते तेथे लगतच्या चौकटींतील फरक इतका सूक्ष्म असतो की तो मर्यादेखालीच राहतो. यावर सिंगापूर येथील झँग, कंकणहळ्ळी आणि स्मोलियर यांनी १९९३ मध्ये तोड सुचविली: एकाऐवजी दोन मर्यादा ठेवाव्यात, लहान मर्यादा ओलांडली की संशयाची खूण करावी, आणि तेथून पुढचे बारीक बारीक फरक साठवीत जाऊन त्यांची बेरीज मोठ्या मर्यादेस पोहोचली तर तो सांधा पक्का मानावा. उलट वार्ताहर परिषदेत छायाचित्रकारांचे दिवे लखलखले की चौकट एकाएकी पांढरी होते आणि यंत्रास नसलेला कट दिसू लागतो. त्या फसगतीचाही वेगळा बंदोबस्त करावा लागला.

असे बारीकसारीक प्रश्न सुटले ते एकमेकांशी ताडून पाहण्याच्या शिस्तीमुळे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००१ मध्ये व्हिडिओ-शोधाची एक सार्वजनिक कसोटी आरंभिली, जी पुढे ट्रेकव्हिड या नावाने प्रसिद्ध झाली. सर्व स्पर्धकांना एकच संग्रह, एकच प्रश्नावली आणि निकाल ठरविण्यास तटस्थ माणसे, असा तिचा शिरस्ता. सांधे ओळखण्याचा विषय या कसोटीत २००१ पासून २००७ पर्यंत होता आणि मग काढून टाकण्यात आला, कारण त्यात सिद्ध करण्यासारखे फारसे उरले नाही. एखाद्या शास्त्राने आपला एक प्रश्न निकालात काढून दप्तरी दाखल करावा, हे दृश्य मला मोठे समाधानाचे वाटते.

परंतु परिच्छेद पडले म्हणून अर्थ लागला असे होत नाही. या कसोटीच्या आधीच आय.बी.एम.च्या क्यू.बी.आय.सी. या प्रणालीने, आणि नागपुरास अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या रमेश जैन यांच्या व्हिराज या कंपनीने, चित्रांचा शोध रंग, पोत आणि आकार यांवरून घेण्याचा मार्ग दाखविला. सूर्यास्ताचे चित्र दाखवावे आणि तसल्याच रंगांची चित्रे मागावीत, हे त्यामुळे साधले. पण त्या उत्तरांत सूर्यास्ताशेजारी संत्र्यांची रासही येऊन बसण्याचा धोका होता. यंत्राच्या हाती लागणारी चित्राची मोजमापे आणि माणसाच्या मनात उमटणारा चित्राचा अर्थ यांच्यामधील ही दरी या विद्येतील मूळ दुखणे आहे, हे २००० साली स्मुल्डर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विस्तृत समीक्षेत स्पष्ट मांडले. त्या सहकाऱ्यांत स्वतः जैनही होते. ज्याने मार्ग काढला त्यानेच त्याची अपूर्णता सांगावी, यात विद्वत्तेची खरी सचोटी आहे.

ही दरी ओलांडण्याचे जे प्रयत्न झाले त्यांत ऑक्सफर्डच्या योझेफ सिव्हिक आणि अँड्र्यू झिसरमन यांनी २००३ मध्ये केलेला प्रयोग मला सर्वांत देखणा वाटतो, आणि ग्रंथालयशास्त्राशी त्याचे नाते इतके निकटचे आहे की तो थोडा विस्ताराने सांगितल्यावाचून राहवत नाही. चित्रात मुळी शब्दच नसतात, मग शब्दसूची कशी करावयाची? त्यांनी असे केले की चित्रपटाच्या चौकटींतून ठळक असे लहान लहान तुकडे वेचले, म्हणजे कोपरे, ठिपके, कॅमेरा थोडा हलला किंवा जवळ गेला तरी पुन्हा ओळखू येतील असे डाग. प्रत्येक तुकड्याचे वर्णन डेव्हिड लो यांनी घालून दिलेल्या पद्धतीने १२८ आकड्यांत केले. मग असे असंख्य तुकडे सादृश्यावरून गटांत विभागले, आणि प्रत्येक गटास एक क्रमांक दिला. हा क्रमांक म्हणजेच शब्द. काही हजार गट पडले की काही हजार शब्दांचा एक कोश तयार झाला, ज्यातील एकाही शब्दाला उच्चार नाही आणि माणसाच्या भाषेत अर्थही नाही. तरीसुद्धा प्रत्येक चौकट आता या शब्दांत लिहिलेले एक पान झाली.

येथून पुढचे सर्व काम जुन्या सूचीकाराचे. कोणता शब्द कोणकोणत्या चौकटींत येतो याची उलटी सूची मांडली. जे शब्द जवळजवळ सर्वत्र आढळतात ते निरुपयोगी म्हणून गाळले, आणि जो शब्द विरळा त्यास अधिक वजन दिले. विरळ शब्दाला अधिक मोल देण्याचे हे तत्त्व केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये ग्रंथशोधाच्या संदर्भात मांडले होते. तीस वर्षांनी ते भिंतीवरच्या घड्याळाला आणि अंगातल्या सदऱ्याला लागू पडले. शेवटी, शोधलेल्या वस्तूचे तुकडे उत्तराच्या चौकटीतही तसेच शेजारी शेजारी मांडलेले आहेत की नाही, हेही पडताळले. ‘रन लोला रन’ आणि ‘ग्राउंडहॉग डे’ या चित्रपटांतील एखाद्या वस्तूभोवती चौकोन काढला की ती वस्तू आणखी कोठे कोठे दिसते हे सारे क्षणार्धात समोर येई. वस्तूचे नाव यंत्राला ठाऊक नसताना हे घडत होते, आणि त्या पद्धतीचे बळ तसेच तिची मर्यादाही नेमकी तेथेच होती.

नावे मिळतात ती बोलण्यातून. ही गोष्ट ओळखून पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९९४ मध्ये ‘इन्फॉर्मीडिया’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. आंध्रात जन्मलेले राज रेड्डी यांच्या प्रेरणेने त्या विद्यापीठात वाणी-ओळखीची जी परंपरा वाढली होती तिचा तेथे पुरेपूर उपयोग झाला: बातमीपत्रातील बोलणे यंत्राने अक्षरांत उतरवावयाचे, पडद्यावरील अक्षरे वाचावयाची, चेहरे हेरावयाचे, आणि या तिन्ही नोंदी एकाच कालरेषेवर बसवावयाच्या. तेथेच ताकेओ कानादे आणि सहकाऱ्यांनी चेहऱ्यास नाव जोडण्याचा जो उपाय काढला तो मला विशेष उद्बोधक वाटतो. एकच चेहरा अनेक बातम्यांत दिसतो आणि त्या त्या वेळी एकच नाव निवेदनात ऐकू येते, तर ते नाव त्या चेहऱ्याचे असावे, असा तर्क यंत्राने बांधावयाचा. हा पुरावा परिस्थितिजन्य आहे. निवेदकाने एकाचे नाव घ्यावे आणि पडद्यावर दुसराच दिसत असावा, हे बातम्यांत नित्याचे असते, म्हणून अशा जोडणीस पुनरावृत्तीचा भरभक्कम दाखला लागतो.

बोलण्यावरून सूची करणे किती अवघड आहे याची खरी परीक्षा मात्र बातम्यांत झाली नाही. ती झाली ज्यू लोकांच्या वंशसंहारातून वाचलेल्या माणसांच्या साक्षींत. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९९४ मध्ये स्थापिलेल्या शोआ प्रतिष्ठानाने सुमारे ५२,००० साक्षी ३२ भाषांत चित्रित केल्या. त्यांची लांबी १,१६,००० तासांच्या घरात जाते. एका माणसाने रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता पाहावयाचे म्हटले तरी जवळजवळ चाळीस वर्षे लोटतील. या साक्षींचे मिनिटामिनिटांचे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यास नियत विषयसंज्ञा लावण्याचे काम शिकविलेल्या माणसांनी केले, आणि त्यास अपार वेळ व द्रव्य लागले. २००१ मध्ये ‘मालाक’ या नावाने अमेरिकेतील विद्यापीठे, आय.बी.एम. आणि प्राग येथील चार्ल्स विद्यापीठ यांनी हेच काम यंत्राने किती होईल ते पाहण्याचा घाट घातला. वक्ते वृद्ध, उच्चारांवर मायदेशाच्या बोलीची छटा, मध्येच दाटून आलेला कंठ, दीर्घ मौने, आणि यंत्र तर शांत खोलीतल्या स्पष्ट वाचनावर वाढलेले. आरंभीच्या वर्षांत शंभरांपैकी सुमारे चाळीस शब्द चुकत.

या चुका सर्व शब्दांत सारख्या वाटल्या गेल्या असत्या तर त्यांचे एवढे दुःख नव्हते. परंतु यंत्र चुकते ते प्रामुख्याने विशेषनामांत. पोलंडमधील एखाद्या लहानशा खेड्याचे नाव, छावणीतील एखाद्या रस्त्याचे नाव, हरवलेल्या बहिणीचे नाव, ही नावे यंत्राच्या कोशात नसतात, म्हणून त्यांच्या जागी ते कोशातला जवळचा कोणताही शब्द लिहून मोकळे होते. आणि शोधण्यास येणारा माणूस नेमक्या त्याच नावांचा शोध घेत आलेला असतो. दुसरी अडचण याहून खोल आहे. साक्षीदार ‘तिथे पोहोचल्यावर’ एवढेच म्हणतो. कोठे, हे त्याने वीस मिनिटांपूर्वी सांगितलेले असते, किंवा कधीच सांगितलेले नसते. माणूस असलेल्या सूचीकारास ते समजते, कारण तो ऐकत असतो. ट्रेकव्हिडच्या कसोट्यांतही वर्षानुवर्षे हेच दिसून आले की नुसत्या यंत्राने केलेल्या शोधापेक्षा, यंत्राने पुढे केलेल्या उत्तरांतून माणसाने निवड करीत केलेला शोध सरस ठरतो.

गेल्या दशकात चित्र पुष्कळ पालटले आहे. जानेवारी २०२१ मध्ये ओपनएआय या संस्थेने ‘क्लिप’ नावाची जी रचना प्रसिद्ध केली ती ४० कोटी चित्रे आणि त्यांच्याशेजारचा मजकूर यांच्या जोड्यांवर शिकविलेली होती. तिच्यामुळे चित्र आणि वाक्य ही दोन्ही एकाच मापाने मोजता येऊ लागली, आणि आधी कोणी नोंद केलेली नसतानाही ‘पावसात छत्री धरून उभी असलेली मुलगी’ असे लिहून तसली चौकट मागता येऊ लागली. हा पराक्रम निःसंशय मोठा आहे. परंतु ज्या मजकुरावर ती रचना शिकली तो इंग्रजी होता. जगातील वस्तूंकडे पाहण्याची जी दृष्टी त्या मजकुरात आहे तीच यंत्रात उतरते. आळंदीहून निघालेली दिंडी त्याला मिरवणूक म्हणून सापडेल. पण टाळकऱ्यांची ओळ, वीणेकरी, तुळस डोईवर घेतलेल्या बाया, रिंगणासाठी मोकळी सोडलेली जागा, हा तपशील ज्याला ठाऊक त्याने लिहिलेला मजकूर यंत्राच्या वाचनात आलाच नसेल, तर त्या तपशिलाने शोध घेणाऱ्या अभ्यासकास ते काय देणार?

वाणीच्या बाबतीतही हिशेब असाच आहे. २०२२ मध्ये त्याच संस्थेने प्रसिद्ध केलेली ‘व्हिस्पर’ ही वाणी-ओळखीची रचना ६,८०,००० तासांच्या ध्वनीवर शिकविलेली आहे. त्यांपैकी इंग्रजीव्यतिरिक्त ९६ भाषांना मिळून १,१७,००० तास आले. आपल्या देशात मद्रासच्या आय.आय.टी.तील ‘एआयफोरभारत’ या गटाने ही उणीव भरून काढण्यासाठी एक अत्यंत चतुर मार्ग शोधला. आकाशवाणीची बातमीपत्रे ध्वनिरूपाने उपलब्ध होती आणि त्यांचा मजकूरही लिखित स्वरूपात उपलब्ध होता. फक्त कोणते वाक्य कोणत्या क्षणी उच्चारले गेले याचा मेळ नव्हता. तो मेळ यंत्राकरवी घालून त्यांनी मराठीसह १२ भारतीय भाषांचा ६,४०० तासांहून मोठा ‘श्रुतिलिपी’ नावाचा संग्रह सिद्ध केला. नवे काही ध्वनिमुद्रित न करता, केवळ असलेले दोन दफ्तरखाने एकमेकांशी जोडून साधलेले हे कार्य आहे. मात्र बातमीपत्रावर वाढलेल्या यंत्राचा कान बातमीपत्राच्या मराठीचाच असणार. अहिराणी बोलणाऱ्या शेतकऱ्याची, मालवणी दशावतारातल्या सोंगाड्याची किंवा वऱ्हाडी कीर्तनकाराची फीत त्याच्यासमोर ठेवली म्हणजे, साक्षींच्या बाबतीत जे घडले तेच घडते: नेमके जे अमोल, तेच गळते.

एका धोक्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे मला उचित वाटत नाही. जे यंत्र संग्रहातून एखाद्या नटाचा चेहरा हुडकते, तेच यंत्र मोर्चातून एखाद्या कामगाराचाही चेहरा हुडकते. साक्षीदाराने आपली कहाणी सांगण्यास संमती दिली होती; रस्त्यावरून जाणाऱ्याने कसलीही संमती दिलेली नसते. म्हणून सार्वजनिक संग्रहांनी व्यक्तींच्या चेहऱ्यांची सूची करताना, ती कोणास पाहावयास मिळेल याचा नियम आधी लिहून ठेवावा आणि मगच यंत्र चालू करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि आता माझा मुख्य मुद्दा. यंत्र जी सूची करते ती खर्डा असते. खर्डा तयार मिळाला म्हणजे कारकुनाचे बरेचसे श्रम वाचतात हे खरे, आणि ही मदत झिडकारणे म्हणजे संग्रह कुजत ठेवणेच होय; परंतु खर्ड्यावर तपासणीची सही झाल्याखेरीज तो दफ्तरी पक्का होत नाही. ही तपासणी करण्यास जी सामग्री लागते ती महाराष्ट्राकडे आहे, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष गेलेले नाही. आपल्या गावोगावच्या व्याख्यानमाला, साहित्यसंमेलने आणि स्मृतिव्याख्याने यांची चित्रीकरणे पुष्कळ ठिकाणी कपाटांत पडून आहेत, आणि त्यांतील अनेकांचे मुद्रित पाठ पुस्तिकांच्या रूपाने त्याच कपाटांत आहेत. बोललेले आणि छापलेले तंतोतंत जुळत नाही, हे मान्य. बातमीपत्रांचेही जुळत नव्हते, तरी मेळ घालता आला. आपल्या व्याख्यानांत निरनिराळ्या प्रांतांचे उच्चार आहेत, वयोवृद्धांचे आवाज आहेत, गावांची आणि माणसांची हजारो विशेषनामे आहेत, म्हणजे यंत्राला जे येत नाही नेमके तेच तेथे साठलेले आहे.

म्हणून या मालेच्या चालकांना आणि सभेस उपस्थित असलेल्या इतर संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. चुंबकीय फिती वर्षागणिक खराब होत आहेत. त्यांच्या अंकीय प्रती आधी करून घ्याव्यात. प्रत्येक फितीबरोबर अर्धे पान कागद जोडावा, आणि त्यावर वक्त्याचे नाव, स्थळ, तारीख, आणि व्याख्यानात आलेली माणसांची व गावांची नावे हाताने लिहून ठेवावीत. जेथे मुद्रित पाठ असेल तेथे तो त्या फितीशी बांधावा, आणि वक्त्याची अथवा त्याच्या वारसांची परवानगी मिळवून दोन्ही अभ्यासकांस खुले करावे. आजच्या या व्याख्यानाचे चित्रीकरण होत आहे आणि त्याचा पाठही छापला जाणार आहे. माझी परवानगी मी आजच लेखी देऊन जात आहे, चालकांनी आरंभ याच फितीपासून करावा.